लायपेंगचा डावा हात

"बाही वर करा," हमदान मास्तर म्हणाले.

लायपेंगने उजवी बाही वर केली.

"ती नव्हे. दुसरी."

दुसऱ्या मनगटावर कापडी चिकटपट्टीचे वेढे होते. पट्टीखाली काय आहे हे सगळ्या वर्गाला ठाऊक होतं, मास्तरांनाही होतं. पण सुरुवातीचे महिने सगळ्यांनी मिळून तिकडे कानाडोळा केला होता. ते महिने कानस चालवण्याचे होते. व्हाइसमध्ये लोखंडाचा ठोकळा पकडायचा आणि तो सगळ्या बाजूंनी काटकोनात येईपर्यंत घासत राहायचं. त्या कामात मनगटात काही असलं तर फार तर ते टेबलावर आपटतं. आज मात्र मधलं दार उघडणार होतं, आणि पलीकडे लेथ होत्या, लोखंड फिरवून कातणारी यंत्रं.

"पट्टी घट्ट आहे मास्तर. हलतसुद्धा नाही."

"आत काय आहे?"

"आईनं घातलीय."

"कुणी घातली ते विचारलं नाही मी."

"मास्तर, जाऊ द्या ना तिला," मागून मुनियांडी म्हणाला. हा चाळिशीचा गडी. आयुष्यभर ट्रक चालवला, पाठ गेली तेव्हा लेथवरचा टर्नर व्हायला इथे आला. गप्प बसणं त्याच्या स्वभावात नव्हतं. "बेडी आहे समजा. पोलिसांनी किल्ली हरवली."

पोरं हसली. मास्तर हसले नाहीत. ते आत गेले आणि एक जाड काठी घेऊन आले. काठीच्या टोकाला वेताचं कडं अडकवलेलं होतं आणि त्यावर लायपेंगच्या मनगटावर होती तशीच पट्टी गुंडाळलेली होती. म्हणजे माणसाने हे आदल्या दिवशीच तयार करून ठेवलं होतं. त्यांनी पहिली लेथ सुरू केली, सगळ्यांना मागे सरकायला लावलं आणि काठीचं टोक चकजवळ, गज धरून गरगर फिरणाऱ्या जबड्याजवळ नेलं.

आवाज फारसा झाला नाही. काठी त्यांच्या हातातून गेली, भिंतीवर आपटली आणि दाराशी येऊन पडली. वेताचे तुकडे शोधावे लागले.

"काठी मी नुसती धरली होती, म्हणून सुटली," मास्तर लेथ बंद करत म्हणाले. "मनगट सुटत नसतं. ताई, सोमवारी यंत्रं वाटून देणार आहे मी. तोवर हात मोकळा करून या. नाहीतर शेजारी मोजमापाच्या वर्गात एक जागा आहे. तुम्हाला ते काम आजही येतं. तिथं तुम्ही बांगड्यांचं दुकान घालून बसलात तरी चालेल."

त्यात टोमणा नव्हता. ते खरंच तिच्या सोयीचं बोलत होते, आणि लायपेंगला त्याचाच राग आला.

मोजमाप तिला येत होतं यात शंका नाही. शाळा सुटल्यापासून तिने एका इलेक्ट्रॉनिक्सच्या कारखान्यात सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून चिमुकले भाग तपासले होते. बरा, वाईट, बरा, बरा, वाईट. इतरांनी केलेल्या वस्तू सरकत्या पट्ट्यावर तिच्यासमोरून गेल्या आणि तिचं तारुण्यही त्याच पट्ट्यावरून सरकत गेलं. मग कारखाना दुसऱ्या देशात गेला. बरोबरच्या बायकांपैकी कुणी नूडल्सची गाडी लावली, कुणी घरी मुलं सांभाळायला लागली. लायपेंगने टर्नरच्या प्रशिक्षणाला नाव घातलं तेव्हा आईने तिला ताप आलाय का म्हणून कपाळाला हात लावून पाहिला होता.

कारण सांगितलं असतं तर आईला ते पटलं नसतं. कारखान्यातल्या तिच्या यंत्राचा एक भाग एकदा झिजला. दुरुस्तीवाल्याने तिच्यादेखत मागच्या खोलीतल्या लेथवर नवा कातून काढला आणि "धर" म्हणून तिच्या तळहातावर ठेवला. तो अजून गरम होता. सकाळी ही वस्तू जगात नव्हती आणि आता आहे, एवढंच तिच्या मनात आलं. त्यानंतर सूक्ष्मदर्शकात तिचं लक्ष पूर्वीसारखं लागलं नाही.

त्या संध्याकाळी ती बुकित मर्ताजाम गावच्या बाजारात चुआ सोनाराकडे गेली. बांगडी त्याच्याच बापाने विकलेली, फिक्या हिरव्या जेड दगडाची. लायपेंग वयात येत होती तेव्हा आईने साबण लावून, अंगठा आत दाबून ती चढवली होती. पुढे हात भरला, हाडं रुंदावली, आणि बांगडी मनगटाची झाली. तशीच ती राहायची असते. आईच्या हातातली आईबरोबरच जाणार होती.

चुआने आधी तेल लावलं. मग हातावर प्लास्टिकची पिशवी चढवून वरून पुन्हा तेल लावलं आणि ओढून पाहिलं. त्याची बायको दुसऱ्या बाजूने धरायला आली. लायपेंगच्या डोळ्यांत पाणी आलं, हात बीटासारखा लाल झाला, पण बांगडी अंगठ्याच्या हाडाशी येई आणि तिथे अडून बसे.

"नाही निघायची," चुआ कपाळ पुसत म्हणाला. "दहा वर्षांपूर्वी आली असतीस तर बघितलं असतं."

"मग कापा."

चुआने हात मागे घेतला. "मी घालून देतो पोरी. वाढवायचं काम माझ्याकडं नाही. उद्या तुला शिंक आली तरी तुझी आई माझ्या दारात येऊन बसेल."

दुसऱ्या दिवशी लायपेंग मोजमापाच्या वर्गात जाऊन बसली. नुसतं बघायला, असं तिने स्वतःला सांगितलं. खोली गार होती, खुर्चीला पाठ होती. पलीकडच्या वर्गाने केलेले तुकडे ट्रेमधून येत होते. तिथल्या शिकवणाऱ्या बाईंनी तिच्या हातात मायक्रोमीटर दिला आणि थोड्या वेळाने त्या तिच्याकडे बघतच राहिल्या. इतर मुलं एक तुकडा मोजेपर्यंत हिचा ट्रे रिकामा होत होता. "तुम्ही इथंच या," त्या म्हणाल्या. "वर्षभरात मी तुम्हाला चांगल्या कंपनीत चिकटवून देते."

ट्रेमध्ये एक तुकडा मुनियांडीचा निघाला. त्याने आपल्या नावाचं अक्षर त्यावर ठोकलं होतं. कोपरे घासताना हात घसरला होता, एक बाजू किंचित जास्त गेली होती. लायपेंगने तो लाल डब्यात टाकला.

दुपारी जेवताना मुनियांडी तिच्यासमोर येऊन बसला. "माझा फेकलात म्हणे?"

"जास्त घासलात तुम्ही."

"दोन दिवस घासत होतो हो! आता तुम्ही आमच्या सासूबाई. आम्ही राबायचं आणि तुम्ही नाकं मुरडायची." तो भात कालवत हसला. मग त्याने तिच्या सुजलेल्या हाताकडे पाहिलं आणि त्याचा आवाज उतरला. "ताई, थट्टा केली. राग नका मानू. गार खोली चांगलीच आहे की."

तिला राग आला नव्हता. लाल डब्यात तुकडा टाकताना आपल्याला काहीच वाटलं नाही, याची तिला भीती वाटली. उरलेलं सगळं आयुष्य असंच काहीच न वाटता जाऊ शकतं, गार खोलीत, पाठ टेकून. तिने मुनियांडीला विचारलं, "तुमच्या मेहुण्याचं कवळ्या करायचं दुकान आहे ना? दात घासायचं ते छोटं यंत्र एका दिवसासाठी मिळेल?"

"कुणाचे दात घासायचेत?" मुनियांडीने विचारलं, आणि मग त्याला कळलं, तसा तो गप्प झाला. त्याच्या बाबतीत हे क्वचितच घडे.

शनिवारी सकाळी ती आईच्या गाड्यावर गेली. आई बाजारात पोपियाचे, म्हणजे भाजी गुंडाळून खायचे, पापुद्रे करून विकायची. सैल, ओल्या पिठाचा गोळा हातात लोंबता ठेवायचा, तापल्या तव्यावर एकदा गोल टेकवायचा आणि उचलायचा. मागे मांड्याहून पातळ पापुद्रा राहतो. उजव्या हाताने टेकवणं आणि डाव्याने सोडवणं एकाच लयीत चालायचं, आणि डाव्या हातातली बांगडी तव्याच्या कडेला लागून दर वेळी टिक् असा आवाज करायची. गिऱ्हाइकं रांगेत उभी होती. लायपेंगने त्यांच्यादेखतच सांगून टाकलं, की मोजायच्या खोलीतली जागा नको, बांगडी कापून लेथवर जायचंय. एकटीला गाठून सांगायचा तिला धीर नव्हता.

आईचा हात थांबला नाही. "डोकं फिरलंय तुझं."

"मास्तर म्हणतात, बांगडी असली तर हात जाईल."

"तुझ्या मास्तरांनी बस बघितली होती का? विचार त्यांना." आईने एक पापुद्रा जरा जोरातच सोडवला. "कारखान्याची बस उलटली तेव्हा तुझ्या शेजारी बसलेली ती पोरगी गेली. तुला खरचटलं नाही. बांगडीला मात्र चीर आली. तुझ्या वाट्याचं तिनं घेतलं. आजही दिसते ती चीर, बघ, पट्टी काढ नि बघ!"

"माहीत आहे आई."

"माहीत आहे म्हणे! जिथं हात जायची भीती तिथंच जाणार, आणि जाताना राखण करणारीला मोडून टाकणार. काय शहाणपण! लग्नाचं काढलं की तुझं तोंड उतरतं, आणि लोखंडाचं काढलं की मांडवात निघाल्यासारखी निघतेस."

रांगेतली एक म्हातारी खुदकन हसली. आईने तिच्याकडे असं पाहिलं, की तिने लगेच पिशवीत डोकं घातलं.

"मोजायच्या खोलीत काय वाईट आहे?" आईने आवाज खाली आणून विचारलं. "पंखा आहे. बसायला खुर्ची आहे. बांगडी हातात राहील."

"तू बसशील, दुसऱ्यांचे पापुद्रे मोजायला?"

गोळा तव्यावर टेकवताना या वेळी पापुद्रा मध्ये फाटला. आईने तो चुरगळून बाजूला टाकला आणि दुसरा केला. लायपेंग निघून गेली.

रविवारी दुपारी तिने स्वयंपाकघरातल्या टेबलावर टॉवेलची घडी ठेवली आणि मुनियांडीच्या मेहुण्याचं यंत्र मांडलं. एका वायरच्या टोकाला पेनासारखी मूठ आणि मुठीला रुपयाएवढी, कागदासारखी पातळ चकती. ती दात कापते, तेव्हा दगडही कापेल. बांगडी आणि कातडी यांच्यामध्ये सरकवायला तिने पत्र्याची एक पट्टी आणली होती. वर्गात बसून तिच्या कडा तिने कानशीने इतक्या गोल केल्या होत्या, की गालावरून फिरवली तरी ओरखडा उठू नये.

चिकटपट्टी सोडवून होत होती तेवढ्यात आई आली. गाडा लवकर बंद केलेला दिसत होता. ती दारात उभी राहून टेबलाकडे बघत राहिली.

"चुआनं नाही केलं?"

"नाही म्हणाला."

"भित्रा. बापही तसलाच होता." आईने चपला काढल्या. "मग कोण करणार?"

"मी."

"एका हातानं?"

"दुसरा टेबलावरच असणार ना."

आईने मोरीवर हात धुतले, कोपरापर्यंत, पिठाला हात घालण्याआधी धुवायची तसे. मग खुर्ची ओढून समोर बसली. "मी घातलीय. काढताना काय बाजारात बसून राहू? काय करायचं ते सांग."

"पाणी सोडायचं. चकती लागते तिथं, बारीक धार. थांबायचं नाही, नाहीतर दगड तापतो."

आईने चहाची किटली घेतली. तिची तोटी अरुंद होती.

चकती फिरली. आवाज दाताच्या डॉक्टरकडे होतो तसाच, पण स्वयंपाकघरात तो फार मोठा वाटला. पांढरट पाणी मनगटावरून टॉवेलवर उतरू लागलं. लायपेंगने कोपर टेबलाला टेकवून उजवा हात स्थिर केला होता, जोर लावायचा नाही, कापणाऱ्याला कापू द्यायचं. हमदान मास्तर कानशीच्या वेळी हेच दहादा सांगत. आईची धार हलत नव्हती. मायलेकी एकमेकींकडे न बघता त्या एका चिरेकडे बघत होत्या. शेवटी पत्र्यावर चकती घासल्याचा वेगळा आवाज आला, तशी लायपेंगने यंत्र बंद केलं.

"झालं?" आईने विचारलं.

"एक बाजू."

"मग आता ओढून निघेल की."

"दगड वाकत नाही आई. समोरच्या बाजूनंही कापायला लागेल."

आईने तिचं मनगट हातात घेऊन बांगडी फिरवून पाहिली. एक फट, सुरी जाईल एवढी. बाकी बांगडी होती तशी होती. बसच्या वेळची ती जुनी चीरही बाजूलाच दिसत होती, केसासारखी.

"म्हणजे अजून हातातच आहे."

"हो."

"आता राहू दे म्हटलं, तर राहील?"

"राहील."

बाहेर कुणाची तरी मोटारसायकल गेली. आईने किटली हलवून पाहिली. रिकामी झाली होती. ती उठली. नळाखाली किटली धरून पुरती भरली, तोटीचा थेंब पदराने पुसावा तसा ब्लाउजच्या टोकाने पुसला आणि परत येऊन बसली.

"फिरव ती बांगडी," ती म्हणाली.

दुसऱ्या वेळी धार थोडी हलत होती. चकती पलीकडे गेली आणि बांगडीचे दोन तुकडे टॉवेलवर पडले, फारसा आवाज न करता. मनगटाला एके ठिकाणी ओरखडा आला होता, रक्ताचा एक थेंब. आईने तो अंगठ्याने पुसला आणि ते उघडं मनगट आपल्या मुठीत धरून बसली. तिची बोटं सहज एकमेकांना भिडत होती.

"केवढासा हात आहे गं," ती म्हणाली. आणि मग ती रडली, अगदी थोडंसं, नाक ओढत. लायपेंगही रडली. दोघींनाही त्याची लाज वाटली नाही.

तुकडे आईने लाल कागदात गुंडाळून देवीच्या फळीवर ठेवले, आणि मासा गरम करायला घेतला.

सोमवारी हमदान मास्तरांनी सगळ्यांचे हात पाहिले. लायपेंगपाशी ते थांबले.

"लागलं का?"

"थोडं."

"औषध लावा. धुळीत चिघळतं." त्यांनी मधलं दार उघडलं. "तिसरी लेथ तुमची."

पहिलं काम सोपं होतं. लोखंडाचा गज चकमध्ये पकडायचा, आणि आखलेल्या रेघेपर्यंत त्याचा एक थर उतरवायचा. रेघ आली की थांबायचं. डाव्या हाताने मोठं चाक फिरवलं की हत्यार पुढे सरकतं. लायपेंगने चकची किल्ली काढून जागेवर ठेवली, चष्मा चढवला, यंत्र सुरू केलं. लोखंडाचा निळसर छिलका कुरळा होत खाली पडू लागला. रेघ जवळ आली. तिने हात थांबवला.

हात थांबला, पण रेघेच्या पुढे जाऊन.

मास्तर आले. वाकून पाहिलं. "रेघ दिसली नाही?"

"दिसली."

"घाई केलीत?"

"नाही मास्तर." तिला काय झालं ते कळत होतं, पण तोंडाने सांगणं अवघड होतं. पोरवयापासून हा हात काहीतरी पेलूनच हलला होता. कप उचलायला, दार लोटायला किती जोर लावायचा हे तो त्या वजनासकट शिकला होता. "हात हलका झालाय. पुढं जातो."

मास्तरांनी तिच्या मनगटाकडे पाहिलं. गज सोडवून त्यांनी भंगाराच्या पेटीत टाकला. "काढलेलं लोखंड परत लावता येत नाही ताई. दुसरा घ्या."

दुसराही पुढे गेला. पहिल्यापेक्षा कमी, पण गेलाच. शेजारच्या लेथवर मुनियांडीचा पहिलाच गज रेघेवर उतरला होता आणि तो सगळ्यांना दाखवत फिरत होता. लायपेंगच्या पेटीकडे नजर गेली तशी त्याने आपला गज खिशात घातला.

जेवणाची घंटा झाली. यंत्रं एकेक करून थांबली. पोरं हात पुसत बाहेर पडली.

"चला ताई," मुनियांडी म्हणाला. "भात निवतोय. बायकोनं आज सुक्या माशांचं सांबार दिलंय, तुमच्या वाटचंही."

"व्हा पुढं. आलेच."

शेड रिकामी झाली. लायपेंगने लेथची वीज भिंतीवरून बंद केली. तिसरा गज पकडला, त्यावर रेघ ओढली. मग डावा हात मोठ्या चाकावर ठेवला आणि न फिरणाऱ्या गजाशेजारून हत्यार हळूहळू पुढे आणलं. ते रेघेच्या पुढे गेलं. तिने ते मागे घेतलं आणि पुन्हा आणलं. बाहेरून मुनियांडीने एकदा हाक मारली. ती "हो" म्हणाली आणि हत्यार पुन्हा मागे घेतलं.